नाशिकचा बिनविरोध खासदार, ओझरचे मिग आणि 'दत्तक' शहराची गोष्ट

नवा नेता येतो, रस्ते, रेल्वे आणि रोजगार यांची ग्वाही देतो. शहरातला अर्धा वर्ग आनंदतो, उरलेला अर्धा 'बघू' म्हणतो. नाशिकला या 'बघू'चा मोठा अनुभव आहे. गेल्या साठ वर्षांत या शहराला बाहेरून आलेल्या तीन वजनदार नेत्यांनी आपले म्हटले. तिघांचे पक्ष वेगळे, काळ वेगळे, अधिकारही वेगळे. यातले सर्वांत मोठे काम ज्याच्या नावावर जमा आहे, त्याला नाशिकमध्ये मतेच मागावी लागली नव्हती. या धाग्यात त्याच गोष्टीपासून सुरुवात करू.

२१ नोव्हेंबर १९६२. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी देशाचे संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. कृष्ण मेनन पायउतार झाले होते आणि महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री दिल्लीला निघाले होते. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून आपल्याकडे इतके रुळले की त्यामागची साधी घटनात्मक अडचण आपण विसरतो. यशवंतराव संसदेचे सदस्यच नव्हते. मंत्रिपद टिकवायचे तर त्यांना संसदेत जाणे भाग होते. १९६३ मध्ये नाशिक लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि यशवंतराव तेथून बिनविरोध निवडून आले.

या 'बिनविरोध' शब्दाचे वजन समजण्यासाठी सहा वर्षे मागे जावे लागेल. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत याच नाशिकने काँग्रेसला नाकारून दादासाहेब गायकवाडांना लोकसभेत पाठवले होते. हे दादासाहेब म्हणजे काळाराम मंदिर सत्याग्रहातले बाबासाहेबांचे खंदे सहकारी. त्या वेळी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते यशवंतराव. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांत सर्वाधिक टीका त्यांच्यावरच होत असे, आणि खुद्द कऱ्हाडला ते अगदी थोड्या मतांनी बचावले होते. त्याच नेत्यासमोर नाशिकमध्ये १९६३ साली एकही उमेदवार उरला नाही. युद्धातील पराभवाची जखम ताजी होती, त्यामुळे विरोधकांनी संयम दाखवला. तो त्यांना शोभणाराही होता. मात्र त्याचा एक परिणाम झाला. मतदान झाले नाही, प्रचाराची रणधुमाळी झाली नाही. देवराष्ट्र्यात जन्मलेला, कऱ्हाडचा हा माणूस आपल्यासाठी काय करणार, हे मतपेटीतून विचारण्याची संधी नाशिककरांना मिळाली नाही.

आणि पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, नाशिकपासून सुमारे २४ किलोमीटरवर ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना स्थापन झाला.

नाशिकमध्ये कोणत्याही ज्येष्ठ माणसाला विचारा, उत्तर ठरलेले असते: यशवंतरावांनी नाशिकचे ऋण फेडले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे उत्तर लगेच खोडू नये, लगेच स्वीकारूही नये. आधी तारखा लावून पाहाव्यात.

सोव्हिएत संघाकडून मिग-२१ घेण्याचा आणि ते भारतातच बनवण्याचा करार ऑगस्ट १९६२ मधला, म्हणजे चिनी आक्रमणाच्याही आधीचा आहे. तेव्हा संरक्षणमंत्री मेनन होते. कारखाना देशात कोठेतरी होणारच होता, यशवंतराव आले नसते तरीही. त्यांच्या काळात प्रश्न उरला होता तो दोन गोष्टींचा: करार टिकतो का, आणि कारखाना जातो कोठे.

पहिला प्रश्न आज वाटतो तितका सोपा नव्हता. भारताने रशियन विमाने घेऊ नयेत, यासाठी ब्रिटन आणि अमेरिका आधीपासून प्रयत्नशील होते. युद्धाच्या काळात मॉस्कोचा कल आपल्या 'भावा'कडे, चीनकडे झुकल्याचे दिल्लीला जाणवले होते. अशा वेळी रशिया तंत्रज्ञान देईल, ही शंका केवळ विरोधकांची नव्हती. यशवंतरावांनी दोन्ही दारे ठोठावली. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेत होते. नेहरूंच्या निधनाची बातमी त्यांना तेथेच कळली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ते मॉस्कोला गेले आणि मिग कारखान्यांच्या सोव्हिएत साहाय्याची गाडी रुळावर आली. माझ्या मते त्यांचे खरे श्रेय या मुत्सद्देगिरीत आहे. ओझरच्या जागेइतकी तिची चर्चा होत नाही, हे मात्र खेदजनक आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राजकारणात आहे, पण केवळ राजकारणात नाही. मिगचा कारखाना एका ठिकाणी झालाच नाही. विमानाचा सांगाडा आणि जुळणी ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. तीन राज्ये, शेकडो कोस अंतर. कोरापुटसाठी बिजू पटनाईकांनी आग्रह धरला होता. अशी विभागणी झाली की प्रत्येक राज्याला कारखाना मिळतो आणि विमान मात्र उशिरा मिळते. तिन्ही ठिकाणी स्वतंत्र वसाहत, स्वतंत्र प्रशिक्षण, स्वतंत्र व्यवस्थापन, आणि मधल्या वाहतुकीचा खर्च. दुसरीकडे नाशिकच्या बाजूने ठोस कारणेही होती. मुंबई–आग्रा महामार्ग ओझरवरून जातो, लोहमार्ग जवळ आहे, सीमा दूर आहे, देवळालीला जुनी लष्करी छावणी आहे. इंग्रजांनी १९२५ मध्ये सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ मध्ये नोटांचा छापखाना नाशिकरोडला आणला होता, म्हणजे कुशल कामगारांचे शहर ही ओळख काही प्रमाणात आधीच होती. खासदार संरक्षणमंत्री असणे हे या यादीतले एक कारण धरावे. मोठे कारण, पण एकटे नव्हे.

आता त्या काळच्या शंकेखोरांना न्याय देऊ. त्यांचे म्हणणे असे होते की ध्वनीपेक्षा वेगवान विमान बनवणे हे द्राक्षांच्या आणि कांद्याच्या निफाड तालुक्यात होणारे काम नाही. झाले तरी वेळेवर होणार नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर ते बरोबर ठरले. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटले तेव्हा वायुदलाकडे मोजकीच मिग विमाने होती आणि ती सारी रशियातून आलेली. ज्या संरक्षण सज्जतेसाठी हा खटाटोप होता, तिच्या पहिल्याच परीक्षेला ओझर हजर नव्हते. सुरुवातीची वर्षे रशियातून आलेले सुटे भाग जोडण्यात गेली. कच्च्या मालापासून पूर्ण विमान बनवण्याची मजल १९७० मध्ये गाठली गेली. पहिल्या मुद्द्यावर मात्र शंकेखोर हरले. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर मिग-२१ विमानांनी हल्ला चढवला आणि दोनच दिवसांत पूर्व पाकिस्तानातील सैन्य शरण आले. त्या युद्धात वापरलेला एफएल हा प्रकार ओझरला तयार होत होता. पुढे एचएएलने सहाशेहून अधिक मिग-२१ बनवली, मग मिग-२७, मग सुखोई-३०.

रोजगाराचे काय? येथे हिशेब केवळ कारखान्याच्या दारापुरता करून चालत नाही. कारखान्याभोवती वसाहत उभी राहिली, शाळा आल्या, धावपट्टी आली, आणि गावाचे नावच लोकांच्या तोंडी 'ओझर मिग' झाले. १९६२ मध्ये राज्यात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले होते. सातपूरच्या वसाहतीत कारखाने येऊ लागले. १९६९ च्या सुमारास 'मायको' आली. अचूक यंत्रकाम जाणणारा फिटर, टर्नर नाशिकमध्ये मिळतो, ही ख्याती यातून घडत गेली.

पण एक तपशील पाहा. १९६७ च्या निवडणुकीत यशवंतराव साताऱ्यातून उभे राहिले. नाशिकचे खासदार म्हणून त्यांची कारकीर्द जेमतेम चार वर्षांची. ओझरचे पहिले संपूर्ण स्वदेशी बांधणीचे मिग बाहेर पडले, तेव्हा ते ना नाशिकचे खासदार होते ना संरक्षणमंत्री. तरीही काम थांबले नाही, कारण ते एव्हाना एका महामंडळाच्या, एका कराराच्या आणि दरवर्षीच्या केंद्रीय तरतुदीच्या हाती होते.

येथून थेट २०१२ कडे येऊ. मधल्या काळात १९८२ मध्ये नाशिकची महानगरपालिका झाली आणि वचनांचे व्यासपीठ दिल्लीहून शहरात सरकले.

२००९ मध्ये शहरातील तीन आमदार निवडून आणणाऱ्या राज ठाकरे यांच्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेला २०१२ मध्ये १२२ पैकी ४० जागा मिळाल्या. महापौर त्यांचा झाला. तरुण पक्ष, नवी भाषा, सुंदर शहराचे स्वप्न. शंका तेव्हाही होती: आंदोलन करणारा पक्ष शहर चालवील काय? पाच वर्षांत वनौषधी उद्यानासारखी कामे उद्योगसमूहांच्या साहाय्याने उभी राहिली आणि ती आजही दाखवता येतात. पण याच काळात पालिकेच्या उत्पन्नाचा कणा मोडत होता. २०१३ मध्ये जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. पालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून बसली, आणि राज्यात सत्ता दुसऱ्यांची होती. मतदाराने हे गणित मांडले नाही, किंवा मांडूनही माफ केले नाही. २०१४ मध्ये तिन्ही आमदार गेले, २०१७ मध्ये ४० चे ५ झाले.

२०१७ च्या प्रचारात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नाशिक दत्तक घेत असल्याचे जाहीर केले. भाजपला ६६ जागा मिळाल्या, निर्विवाद बहुमत. या वेळी शहर, राज्य आणि केंद्र एकाच पक्षाच्या हाती होते, त्यामुळे सबबीला जागा कमी होती. मेट्रो निओची घोषणा झाली. रबरी चाकांची, विजेवरची, सुमारे ३३ किलोमीटरची. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेखही झाला. ती अद्याप कागदावरच आहे. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या अवघ्या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडने तर नाशिककरांच्या विनोदबुद्धीला दोन वर्षे खाद्य पुरवले. (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिकरोड ते गावठाण घोड्यांची ट्राम धावत होती, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हा विनोद अधिक बोचतो.) दुसऱ्या पारड्यात जुलै २०२१ पासून पालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली, हेही टाकले पाहिजे. तसेच २०१५ मध्ये घोषित झालेला समृद्धी महामार्ग. त्यासाठी जमीन देण्यास सिन्नरच्या शिवडे गावाने कडवा विरोध केला, अनेकांनी ७०१ किलोमीटरचा हा रस्ता होणारच नाही असे भाकीत केले. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला.

मग समृद्धी झाला आणि निओ का नाही? दोन्ही घोषणा एकाच नेतृत्वाच्या. फरक यंत्रणेचा आहे. समृद्धी रस्ते विकास महामंडळाकडे होता, त्याची जमीन आणि कर्ज राज्याच्या अखत्यारीत होते. निओला केंद्राचीही मान्यता आणि पैसा हवा होता, आणि देशात या जातीची मेट्रो आधी कोणी चालवलेली नव्हती. नाशिक–पुणे रेल्वेचेही तसेच. तिच्या वाटेत नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण येते आणि मार्ग पुन्हा आखणे आले.

सर्वांत कडू उदाहरण मात्र शहराबाहेर आहे. सिन्नरच्या मुसळगाव आणि गुळवंच परिसरात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतजमिनी गेल्या, त्या रोजगाराच्या आशेवर. १,३५० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र प्रत्यक्ष उभे राहिले. पण कोळसा आणणाऱ्या लोहमार्गाचे काम रखडले आणि केंद्र वर्षानुवर्षे थंड पडून राहिले. जमीन दिलेल्या शेतकऱ्याचा मुलगा त्या काळात शिकून, लग्न होऊन, कामासाठी पुण्याला निघूनही गेला असेल.

ओझरचीही काळजी मधल्या काळात वाढली होती. सुखोईची मूळ मागणी पूर्ण होत आली तेव्हा पुढे काम काय, हा प्रश्न कामगारांच्या घरांत होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी शेवटची मिग-२१ चंडीगडला निवृत्त झाली, जेथे १९६३ मध्ये तिची पहिली तुकडी उभी राहिली होती. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या नव्या जुळणीमार्गावरून तेजस मार्क-१ए ने पहिले उड्डाण केले. समारंभाला संरक्षणमंत्री उपस्थित होते. ते लखनऊचे खासदार आहेत.