विकलेला प्रश्न

मंडळी, पंचायतीवर आपण एखाद्याला निवडून देतो ते कशासाठी? विहिरीचा गाळ का निघाला नाही, रस्त्याची खडी कुठे गेली, हे त्याने आपल्या वतीने विचारावे म्हणून. आता समजा, त्याने प्रश्न विचारला, पण एका व्यापाऱ्याने हातावर पैसे ठेवले म्हणून विचारला. मग बिघडले कुठे? प्रश्न तर विचारला ना? या सवालाचा निकाल आपल्या संसदेला १९५१ साली करावा लागला.

त्या वेळी दिल्लीत हंगामी संसद होती. राज्यघटना लागू होऊन दीड वर्षही झाले नव्हते आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. हु. गु. मुद्गल हे मुंबईचे काँग्रेसचे सभासद. मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांची बॉम्बे बुलियन असोसिएशन नावाची संस्था होती. सट्ट्याचे व्यवहार, मुद्रांक शुल्क अशी तिची गाऱ्हाणी होती. तिच्याकडून पैसे व इतर लाभ घेऊन मुद्गल संसदेत तिची बाजू मांडतात, असा बोभाटा झाला.

गाऱ्हाणे मांडणे हा काही गुन्हा नव्हे. व्यापारी झाला तरी तो नागरिकच. पण गाऱ्हाणे मांडायची दलाली घेतली की सभासद लोकांचा राहत नाही, पैसे देणाऱ्याचा होतो.

८ जून १९५१ रोजी चौकशी समिती नेमण्याचा ठराव संसदेत आला. तो कोणी मांडला? विरोधकांनी नव्हे, पंतप्रधान नेहरूंनी, म्हणजे मुद्गलांच्याच पक्षाच्या नेत्याने! पाच सभासदांच्या या समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. समितीने मुद्गलांचे म्हणणे ऐकले, पुरावा तपासला, आणि ठरवले की ही वागणूक सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी आहे, सभासदाला न शोभणारी आहे.

रक्कम किती होती म्हणाल, तर लाखांची नव्हे, हजारांतली. कोणी म्हणेल, एवढ्याशासाठी एवढे? पण म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो. पहिल्याच सभासदाला ‘जाऊ द्या’ म्हटले असते, तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने अडवणार?

२४ सप्टेंबरला हकालपट्टीचा ठराव चर्चेला आला. मुद्गलांनी आपली बाजू मांडली आणि भाषण संपताच राजीनाम्याचे पत्र उपाध्यक्षांच्या हाती दिले. डाव सरळ होता. जो सभासदच उरला नाही, त्याला काढणार कसे?

सभागृहाने तो डाव चालू दिला नाही. दुसऱ्या दिवशी ठरावाचे शब्द बदलले. हा गृहस्थ हकालपट्टीलाच पात्र होता आणि राजीनाम्याच्या पत्रातला मजकूर हाही सभागृहाचा अवमान असून त्याने अपराधात भरच पडली आहे, असे संसदेने नोंदवले. माणूस मागच्या दाराने गेला, पण दोष दप्तरात कायमचा राहिला.

त्या नोंदीचे मोल पुढे कळले. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना काही खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले, तेव्हा डिसेंबर २००५ मध्ये लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक अशा अकरा जणांना काढून टाकण्यात आले. त्या वेळी मुद्गल प्रकरणाचा दाखला पुढे आला. संसदेला असा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००७ साली मान्य केले. मात्र दुखणे चौपन्न वर्षांनी पुन्हा उपटले, हेही विसरून चालणार नाही.

गुरुजींना एक विनंती. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना घटनेची कलमे सांगाल तेव्हा ही गोष्टही सांगा. आणि गावकरी मंडळी, आपला सभासद बोलतो की नाही एवढेच पाहू नका. तो कोणासाठी बोलतो, हेही विचारा. कुंपणच शेत खाऊ लागले, तर आरडाओरड शेताच्या धन्यानेच करायची असते. आणि धनी तुम्ही आहात.