सूत आणि डबे : नागपूरच्या चीन-संबंधांची दोन पर्वे

धरमपेठेलगतच्या शंकरनगर चौक व धरमपेठ महाविद्यालय ह्या स्थानकांवरून जी मेट्रो जाते, तिचे डबे चीनमधील दालियन ह्या बंदराच्या शहरी तयार झाले. तेवीस गाड्यांच्या एकोणसत्तर डब्यांचे सुमारे ८५१ कोटी रुपयांचे काम इ. स. २०१६ मध्ये सीआरआरसी ह्या चिनी सरकारी कंपनीस मिळाले. चीनच्या जागतिक प्रभावाचा विषय निघाला की श्रीलंकेतील हंबनटोटा बंदराचे उदाहरण पुढे येते : आधी कर्ज आणि २०१७ मध्ये ९९ वर्षांचा भाडेपट्टा. ते उदाहरण खुद्द तेथेही कितपत लागू पडते ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नागपुरास तर ते मुळीच लागू पडत नाही. येथील पहिल्या टप्प्यास जर्मनीच्या केएफडब्ल्यू व फ्रान्सच्या एएफडी ह्या संस्थांनी कर्ज दिले. पैसा युरोपचा आणि वाहन चीनचे, असा हा योग आहे. येथे प्रभावाचे साधन सावकारी नसून कारखानदारी होय.

हा ओघ पूर्वी उलट दिशेने वाहत असे. जमशेटजी टाटा १८५९ साली व्यापारासाठी हाँगकाँगला गेले. मुंबईच्या त्या चीन-व्यापाराचा पाया कापूस आणि माळव्याची अफू हा होता. त्यातील अफूचा उल्लेख पुढील काळात सोयीस्करपणे गळत गेला. ह्याच जमशेटजींची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांचे जाडेभरडे सूत चिनी विणकरांच्या मागावर चढत होते. ‘चहा’ आणि ‘चिनीमाती’ हे शब्द मराठीत चीनची खूण म्हणून राहिले आहेत. परंतु चीनकडे गेलेल्या सुताची अशी कोणतीही खूण मराठीत उरलेली नाही. १८९३ मध्ये सरकारी टांकसाळी रुप्याच्या मुक्त नाणेपाडणीस बंद झाल्या व रुप्यावर चालणाऱ्या चीनमध्ये भारतीय सूत महागले. त्यातच जपानी गिरण्यांची स्पर्धा आली आणि ती बाजारपेठ हातची गेली.

दालियनचा रेल्वे कारखानाही ह्याच काळातील आहे. तो १८९९ मध्ये रशियनांनी उभारला, १९०५ नंतर जपान्यांनी चालविला आणि पुढे तो चीनच्या हाती आला. परकीयांनी स्वतःच्या लाभासाठी आणलेले कसब त्या शहरात टिकले व वाढले. एम्प्रेस मिलचे तसे झाले नाही : १९८६ मध्ये राष्ट्रीयीकरण, २००२ मध्ये टाळे, आणि आता त्या जागी बाजारसंकुल.

राजकारणाने हा व्यवहार थांबवू पाहिला, ते पुण्यानजीक. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने ग्रेट वॉल मोटर्स ह्या चिनी कंपनीशी तळेगावच्या मोटार कारखान्यासाठी सुमारे ३,७७० कोटींचा सामंजस्य करार केला. त्याच रात्री गलवान खोऱ्यात वीस भारतीय सैनिक धारातीर्थी पडले. आठवड्याभरात तो करार स्थगित झाला, २०२२ मध्ये बारगळला, आणि २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाई ह्या कोरियन कंपनीने केला. कारखान्याची रिकामी जागा दुसऱ्यास देता आली. नागपुरात रुळांवर आलेले डबे मात्र धावतच राहिले, कारण त्यांच्या जागी उभे करण्यास दुसरे डबे तयार नव्हते.

पुणे मेट्रोच्या १०२ डब्यांचे काम मात्र २०१९ मध्येच टिटागढ ह्या भारतीय कंपनीकडे गेले होते. तिने २०१५ मध्ये फिरेमा ही इटालियन डबेनिर्माती कंपनी विकत घेतली होती.