रायफल-पेटी (विमानप्रवास)

रायफल-पेटी म्हणजे शिकारीची किंवा नेमबाजीची रायफल विमानातून नेण्यासाठी वापरली जाणारी, कठीण कवचाची व कुलूपबंद करता येणारी पेटी होय. ती दोन कामे करते. सामानाची चढउतार होताना बसणाऱ्या धक्क्यांपासून ती शस्त्राचे व त्यावरील दुर्बिणीचे रक्षण करते. तसेच परवानाधारकाखेरीज अन्य कोणाचाही हात शस्त्रापर्यंत पोहोचू देत नाही. पहिले काम मालकाच्या हिताचे, तर दुसरे कायद्याच्या आवश्यकतेचे आहे. पेटी निवडताना या दोहोंचा एकत्रित विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

आगगाडी व आगबोटीच्या काळात शिकारी बंदुका चामड्याच्या अथवा जाड किंतानाच्या पिशव्यांतून आणि ओक लाकडाच्या पेट्यांतून नेल्या जात. दुनळी बंदुकीची नळी व दस्ता वेगळे करून ठेवण्यासाठी बनवलेली, एका टोकाला रुंद व दुसऱ्या टोकाला निमुळती अशी चामडी पेटी विशेष प्रचलित होती. सामान मालकाच्या वा त्याच्या नोकराच्या नजरेसमोर राहत असल्याने पेटीच्या मजबुतीची फारशी कसोटी लागत नसे.

विमानप्रवासाने ही स्थिती पालटली. विमान-अपहरणांच्या लाटेनंतर अमेरिकेत ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातसामानाची तपासणी सक्तीची झाली. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे परिवहन सुरक्षा प्रशासन (टीएसए) स्थापन झाले आणि शस्त्रवाहतुकीचे नियम अधिक काटेकोरपणे राबवले जाऊ लागले. शस्त्र केवळ मालकक्षातूनच जाणार असे ठरल्यावर ते सरकत्या पट्ट्यांवरून, गाड्यांतून आणि अनोळखी हातांतून जाणे अटळ झाले. कठीण कवचाच्या आधुनिक पेटीचा प्रसार मुख्यतः या कारणाने झाला.

नियम

अमेरिकेतील नियमांनुसार रायफल रिकामी असली पाहिजे, कठीण बाजूंच्या पेटीत कुलूपबंद असली पाहिजे आणि केवळ चेक-इन सामानातूनच गेली पाहिजे. प्रत्येक प्रवासाच्या वेळी तिकीट-खिडकीवर तिची घोषणा करावी लागते. पेटीची किल्ली अथवा कुलपाचा अंकसंकेत प्रवाशाकडेच राहतो. तपासणीसाठी अधिकाऱ्यांनी मागितल्यासच तो द्यावयाचा असतो. कुलूप कोणत्याही बनावटीचे चालते. सुरक्षा अधिकाऱ्यांच्या सामायिक किल्लीने उघडणारे कुलूपही निषिद्ध नाही. तथापि अनेक जाणकार शस्त्रासाठी ते टाळणेच पसंत करतात, कारण तसे कुलूप मालकाव्यतिरिक्त इतरांनाही उघडता येते.

रायफलीवरील दुर्बीण हातसामानातून नेता येते. मात्र बोल्ट, मॅगझिन व घातपिन हे भाग हातसामानात निषिद्ध आहेत. पेटीत शस्त्र आहे असे दर्शवणारी खूणचिठ्ठी पेटीच्या बाहेरील बाजूस लावण्याची सक्ती विमानकंपनीला करता येत नाही, अशी अमेरिकी संघीय कायद्याची तरतूद आहे. घोषणेची चिठ्ठी त्यामुळे पेटीच्या आत ठेवली जाते.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळासाठीची काडतुसे स्वतःच्या वापरापुरती, प्रतिप्रवासी ५ किलोग्रॅम एकूण वजनापर्यंत आणि विमानकंपनीच्या संमतीनेच नेता येतात. दोन प्रवाशांची मर्यादा एकत्र करता येत नाही. काडतुसे त्यांच्यासाठीच बनवलेल्या पुठ्ठ्याच्या, लाकडाच्या, प्लास्टिकच्या अथवा धातूच्या खोक्यात असावी लागतात. अमेरिकेत ती रायफलीच्याच पेटीत ठेवता येतात. परंतु काही विमानकंपन्या त्यांच्यासाठी स्वतंत्र कुलूपबंद डबा मागतात. सुटी दारू व बंदुकीच्या टोप्या हातसामानात वा चेक-इन सामानात कोठेही चालत नाहीत.

सीमा ओलांडताना कागदपत्रेही लागतात. अमेरिकी प्रवासी देश सोडण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या ४४५७ क्रमांकाच्या प्रपत्रावर शस्त्राची नोंद करून घेतात. दक्षिण आफ्रिकेत तात्पुरत्या आयातीसाठी तेथील पोलिसांचे ५२० क्रमांकाचे प्रपत्र भरावे लागते. युरोपीय संघातील शिकारी व नेमबाज संघांतर्गत प्रवासासाठी युरोपीय शस्त्रपत्र बाळगतात. या कागदांवरील शस्त्राचा अनुक्रमांक प्रत्यक्ष शस्त्रावरील अनुक्रमांकाशी ताडून पाहिला जातो.

निवडीचे निकष

लांबी. प्रथम रायफलीची एकूण लांबी, म्हणजे दस्त्याच्या रबरी टोकापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर, मोजावी लागते. ६१ सेंमी नळीची सर्वसाधारण बोल्ट-रायफल सुमारे ११० सेंमी भरते. दोन्ही टोकांना फोमची ४-५ सेंमी जाडी उरावी, अशा बेताने पेटीची आतील लांबी निवडली जाते. पेलिकन या अमेरिकी कंपनीच्या १७५० क्रमांकाच्या पेटीचा आतील भाग सुमारे १२८ × ३४ × १३ सेंमी असून ती या आकाराच्या रायफलींसाठी बरीच वापरली जाते. दोन भागांत विलग होणाऱ्या रायफलीला याहून पुष्कळ आखूड पेटी पुरते.

वजन. बहुसंख्य विमानकंपन्या एका नगासाठी २३ किलोग्रॅमची मर्यादा ठेवतात. ३२ किलोग्रॅमपलीकडील नग सहसा प्रवासी सामान म्हणून स्वीकारला जात नाही. उपरोक्त आकाराची पेटी फोमसह सुमारे १२ किलोग्रॅमची असते. दुर्बिणीसह रायफल ४ ते ४.५ किलोग्रॅम धरल्यास २३ किलोग्रॅमच्या मर्यादेत जेमतेम साडेसहा किलोग्रॅम उरतात. दोन रायफलींची पेटी घेताना ही बेरीज आधी करणे श्रेयस्कर ठरते. लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १५८ सेंमीहून अधिक झाल्यास काही कंपन्या वाढीव आकार घेतात. लांब पेटीच्या बाबतीत ही मर्यादा हमखास ओलांडली जाते.

कवच. पेट्या प्रामुख्याने पॉलिप्रॉपिलीन व तत्सम प्लास्टिकच्या अथवा ॲल्युमिनियमच्या असतात. ॲल्युमिनियमला पोचे पडतात, पण ते सहसा तडकत नाही. उत्तम प्रतीचे प्लास्टिक धक्का शोषून पूर्ववत होते. हलक्या प्रतीचे प्लास्टिक कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होते. शस्त्रासोबत दुकानातून मिळालेली पातळ पेटी बहुधा पुरेशी नसते, असे टीएसएनेही नमूद केले आहे.

कोपरे व कुलपे. पेटी बंद करून, कुलपे लावून झाकणाचा कोपरा उचकटून पाहणे ही सर्वांत साधी चाचणी आहे. फट पडून आत बोटे शिरत असतील, तर ती पेटी कायद्याच्या दृष्टीनेही अपात्र ठरू शकते. कडी-कोयंड्यांची संख्या, त्यांतील अंतर आणि कुलपाच्या भोकाभोवतीचे पोलादी अस्तर यांवर ही मजबुती अवलंबून असते. जितकी भोके तितकी कुलपे लावावीत. कुलपाचा आकडा भोकाच्या व्यासाला जुळणारा, शक्य तितका जाड असावा.

दाबसमतोल झडप. प्रवासी विमानाच्या मालकक्षातील हवेचा दाब प्रवासीकक्षाप्रमाणेच नियंत्रित असतो. तो सुमारे २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका उतरू शकतो. पूर्ण हवाबंद पेटीतील हवा उड्डाणात अंशतः बाहेर पडली आणि उतरल्यावर परत आत येऊ शकली नाही, तर बाहेरचा दाब झाकण घट्ट दाबून धरतो. वर सांगितलेल्या आकाराच्या झाकणावर हा भार गणिताने एक टनाहूनही अधिक भरू शकतो. म्हणून पाणबंद पेटीला हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी झडप आवश्यक असते.

फोम. बंद छिद्रांचा फोम पाणी शोषत नाही व दीर्घकाळ आकार टिकवतो. खुल्या छिद्रांचा फोम स्वस्त व मऊ असतो. मात्र तो ओलावा धरून ठेवतो व त्यामुळे पोलादास गंज चढतो. रायफलीचा भार मध्यभाग व दस्ता यांनी पेलावा, दुर्बीण मोकळ्या खाचेत राहावी आणि झाकणाचा दाब तिच्यावर येऊ नये, अशी कापणी केली जाते. थंड कक्षातून उष्ण, दमट हवेत आल्यावर धातूवर दव जमते. म्हणून मुक्कामी पोहोचताच पेटी उघडून शस्त्र कोरडे करणे व एरवीही ते पेटीत दीर्घकाळ न ठेवणे हिताचे असते.

चाके व मुठी. लांब पेटी एका टोकाने ओढण्यासाठी चाके आणि दोघांनी उचलण्यासाठी दोन्ही टोकांना मुठी असणे उपयुक्त ठरते. अलास्का वा आफ्रिकेतील शिकारतळांवर जाणाऱ्या छोट्या विमानांत कठीण पेटी अनेकदा मावत नाही. असे प्रवासी मऊ पिशवी सोबत नेतात आणि कठीण पेटी मोठ्या विमानतळाजवळच ठेवून पुढे जातात.

पेटीच्या मर्यादा

कितीही उत्तम पेटी असली तरी दुर्बिणीची जुळणी ढळणारच नाही याची हमी ती देत नाही. यामुळे शिकारतळावर पोहोचल्यानंतर प्रथम कागदी लक्ष्यावर नेम तपासण्याचा प्रघात आहे. नेम काही सेंटिमीटरने चुकला तरी प्राणी जागीच न मरता जखमी होऊन निसटतो व पुढे तडफडत मरतो. नेमाची ही तपासणी त्यामुळे शिकारीच्या नीतीचा भाग मानली जाते.

तसेच कुलूपबंद पेटी सर्व कायदेशीर अडचणींचे निवारण करीत नाही. अमेरिकेच्या १९८६ च्या संघीय कायद्याने, दोन्ही टोकांच्या राज्यांत वैध असलेले शस्त्र मधल्या राज्यांतून नेण्यास संरक्षण दिले. पण शस्त्र प्रवाशाच्या सहज हाती लागेल असे नसावे, अशी अट घातली. २००५ मध्ये पुढचे विमान चुकल्यामुळे नेवार्क येथे अडकलेल्या एका प्रवाशाने कुलूपबंद डब्यातील पिस्तूल असलेली बॅग ताब्यात घेऊन रात्र हॉटेलात काढली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर नियमानुसार घोषणा करताच त्यास अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले. परंतु त्याने भरपाईसाठी केलेल्या दाव्यात संघीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये, हॉटेलातील रात्री शस्त्र त्याच्या आवाक्यात असल्याने त्यास त्या कायद्याचे संरक्षण मिळत नाही, असा निर्णय दिला. अशा प्रसंगी सामान ताब्यात घेण्यापूर्वीच विमानतळावरील पोलीस वा अधिकाऱ्यांशी संपर्क साधणे हा पर्याय असल्याचे न्यायालयाने सुचवले. थेट उड्डाण निवडणे अथवा दोन विमानांत पुरेसे अंतर ठेवणे हा पेटीच्या निवडीइतकाच महत्त्वाचा भाग ठरतो, तो यामुळेच.

भारत व महाराष्ट्र

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे भारतात शिकारीवर बंदी असल्याने देशात विमानातून जाणाऱ्या खासगी रायफली मुख्यत्वे क्रीडानेमबाजांच्या असतात. शस्त्र बाळगणे व नेणे यांचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांन्वये होते. प्रवाशाने मूळ परवाना सोबत ठेवणे, विमानकंपनीस आगाऊ कळवणे व तपासणीसाठी लवकर पोहोचणे अपेक्षित असते.

महाराष्ट्राला रायफल-नेमबाजीची समृद्ध परंपरा आहे. मुंबईच्या अंजली भागवत, २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेत्या ठरलेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन-स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे ही तिची ठळक नावे होत. स्पर्धेच्या रायफलीचे दस्ते व टेकू खेळाडूच्या शरीरमापानुसार सूक्ष्मपणे जुळवलेले असतात. त्यामुळे वाहतुकीत ते हलू नयेत यासाठी अशा पेटीतील फोमची कापणी शिकारी रायफलीच्या पेटीपेक्षाही नेमकी करावी लागते.

हेही पहा

रायफल
नेमबाजी
शस्त्र अधिनियम, १९५९
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२
विमानतळ सुरक्षा