ध्वनिक्षेपकाचा आवाज नेमका मोजायचा कसा?

विसर्जन मिरवणुकीनंतर आवाज १०० डेसिबलच्या पुढे गेल्याच्या बातम्या दरवर्षी प्रसिद्ध होतात. हा आकडा कुठे उभे राहून आणि किती वेळ मोजला, याचा उल्लेख मात्र त्यांत क्वचितच असतो. तो नसेल तर आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ही मर्यादा क्षणिक उच्चांकाची नसून ठरावीक काळातील समतुल्य सरासरीची आहे. सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक असल्यास त्या जागेच्या हद्दीवरील आवाज परिसराच्या मर्यादेहून १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. म्हणजेच मोजणी हद्दीवर व्हायला हवी, कर्ण्याच्या तोंडाशी नव्हे. मोकळ्या मैदानात कर्ण्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. अरुंद गल्लीत भिंती आवाज परतवत असल्याने ही घट बरीच कमी असते. भिंतीला चिकटून धरलेले मापकही त्यामुळेच जास्त आकडा दाखवते.

रहदारीचा आवाज वेगळा काढणे हे खरे जिकिरीचे काम. कर्णा सुरू असताना ६८ आणि बंद केल्यावर ६५ डेसिबल नोंद झाली, तर कर्ण्याचा वाटा ३ नव्हे, तर जवळपास ६५ डेसिबल असतो. कारण डेसिबलची बेरीज-वजाबाकी साध्या अंकगणिताने होत नाही. दोन नोंदींत १० किंवा अधिक डेसिबलचा फरक असेल, तर रहदारीकडे दुर्लक्ष करता येते.

डीजेच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. नियमांतील मोजणी ‘ए’ भारांकनाने होते. माणसाच्या कानाला मंद पातळीवर खर्ज कमी ऐकू येतो, या आधारावर ते ठरले असून ५० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. परिणामी खिडक्यांची तावदाने थरथरतात, छातीत धडधडते आणि कागदावरचा आकडा मात्र त्या मानाने सौम्य दिसतो. ‘सी’ भारांकनात हीच वजावट दीड डेसिबलहूनही कमी असते. पंचनाम्यात दोन्ही आकडे नोंदवले, तर रहिवाशांची तक्रार अतिशयोक्त नसल्याचे तरी दिसेल.

मोजणीच्या आधी व नंतर प्रमाणित ध्वनिस्रोताने, बहुधा १००० हर्ट्झ व ९४ डेसिबलच्या, मापक तपासून घ्यावे लागते. वाऱ्याचा परिणाम टाळण्यासाठी मायक्रोफोनवर स्पंजचे आवरण हवे. मोबाइलमधील अ‍ॅप आवाजाचा अंदाज देते. पण अशी तपासणी झालेली नसल्याने त्यावरील आकडा कायदेशीर कारवाईत टिकणे कठीण.