‘जर्मन’ झुरळ आणि चौलचे बंदर

१/ भाड्याच्या खोलीत झुरळे निघाली की वाद ठरलेला. घरमालक भाडेकरूला दोष देतो, भाडेकरू आधीच्या बिऱ्हाडाला आणि सगळे मिळून शेजाऱ्याला. गेली अडीचशे वर्षे राष्ट्रांनीही याच झुरळावरून एकमेकांकडे बोट दाखवले आहे. त्या इतिहासाचा एक धागा रेवदंड्याच्या किनाऱ्याजवळून जातो.

२/ स्वयंपाकघरात दिसणारे लहान, फिकट तपकिरी, मानेमागे दोन काळसर पट्टे असलेले झुरळ म्हणजे ‘जर्मन’ झुरळ. १७६७ मध्ये लिनीयसने त्याला हे नाव दिले. रशियात मात्र ते ‘प्रुसाक’, म्हणजे प्रशियाचे. जर्मनीच्या काही भागांत त्यालाच ‘रशियन’ म्हणत. प्रत्येकाने ते शेजाऱ्याच्या नावावर टाकले!

३/ २०२४ मध्ये याचा उलगडा झाला. १७ देशांतील २८१ झुरळांची जनुकीय तपासणी झाली. निष्कर्ष असा : ही जात सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात, शेता-रानात राहणाऱ्या ‘आशियाई’ झुरळापासून वेगळी झाली.

४/ शेतातून ते घरात आले आणि घराचेच झाले. आज मानवी वस्तीबाहेर, रानात, ते आढळत नाही. माणूस जिथे गेला, तिथे त्याच्या सामानातून तेही गेले.

५/ पहिला मोठा प्रवास सुमारे १,२०० वर्षांपूर्वी पश्चिमेकडे, अरब जगाच्या दिशेने झाला. त्या काळी कोकणातून अरब देशांशी व्यापार करणारे एक गजबजलेले बंदर होते चौल, अरबांचे ‘सैमूर’. इ. स. ९१६ च्या सुमारास तेथे आलेल्या अल-मसूदीने सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती नोंदवली आहे.

६/ दुसरा प्रवास सुमारे ३९० वर्षांपूर्वीचा. डच व इंग्रज कंपन्यांच्या व्यापाराशी संशोधक त्याचा संबंध जोडतात. चौलजवळ रेवदंड्याला तेव्हा पोर्तुगीजांचा कोट उभा होता. १५२१ मध्ये त्याचे काम सुरू झाले. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. जहाजांच्या कोठारांतून पसरलेले हे झुरळ सुमारे २७० वर्षांपूर्वी युरोपात पोहोचले आणि तेथे त्याला ‘जर्मन’ हे नाव मिळाले.

७/ ते हटत का नाही? मादी ३०-४० अंड्यांची कुपी पिल्ले बाहेर येईपर्यंत अंगावर वागवते. नेहमीच्या फवाऱ्यांना अनेक ठिकाणची झुरळे दाद देत नाहीत. विषारी आमिषात ग्लुकोज घातले, तर काही झुरळांना ते कडू लागू लागले. हा बदल १९९३ मध्ये नोंदवला गेला.

८/ म्हणून एकाच खोलीत फवारणी केली की ती नळाच्या भोकांतून, भिंतीच्या फटींतून पलीकडे सरकतात आणि काही आठवड्यांत परततात. भाडेकरू कितीही स्वच्छ असला तरी सामाईक भिंत त्याच्या हातात नसते. आणि मालकाने फटी बुजवल्या तरी रात्रीची खरकटी भांडी त्याच्या हातात नसतात.

९/ उपाय एकत्रच करावा लागतो. मालकाने गळके नळ व फटी दुरुस्त कराव्यात, बिऱ्हाडांनी रात्री ओटा कोरडा ठेवावा, आणि सर्व खोल्यांत एकाच दिवशी जेलचे आमिष लावून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. झुरळ कोणाकडून आले, याचे उत्तर शोधायला युरोपला अडीचशे वर्षे लागली. भाडेकरूची अनामत रक्कम तोवर अडवून ठेवण्यात अर्थ नाही.