कॉर्नब्रेड आणि चुन्याचं पाणी

परवा बिडाचा खोलगट तवा ओव्हनमध्ये सणसणीत तापवला, लोणी सोडलं आणि मक्याचं पीठ, ताक, अंडं, सोड्याचं सरसरीत मिश्रण ओतलं. चर्र! कडा मस्त खरपूस झाल्या. हा अमेरिकेच्या दक्षिणेतला कॉर्नब्रेड. पण खाताना त्याचा इतिहास आठवला...

मका तिथल्या मूळ रहिवाशांचा. ते दाणे चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवत. गोऱ्यांनी मका उचलला, पण ही खटपट बहुतेकांनी सोडून दिली. त्या पाण्यामुळेच मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेतले गरीब मका, काकवी आणि डुकराच्या चरबीवर दिवस काढत. पेलाग्राने हजारो माणसं मेली. १९१४ मध्ये सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे तपास सोपवला. हा रोग संसर्गाचा नाही, निकस आहाराचा आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. नायसिनचा उपाय कळला १९३७ मध्ये. ते १९२९ मध्येच गेले होते.

आजीला कशाचंही कारण विचारलं, की ती म्हणायची, "असंच करतात." मी हसायचे. आता हसत नाही.

असो. ब्रेड मात्र झकास झाला होता!