करपलें, तें कोणाच्या हातून?

समाजाचा इतिहास जसा ताम्रपटांत, तसाच चुलीजवळच्या शब्दांतही सांपडतो. अर्धवट जळण्याचे शब्दच पाहावे. खरपूस, करपणें व होरपळणें हे शब्द वरवर सारखे दिसतात. परंतु त्यांतील भेद आंचेपेक्षां हेतूचा व दैवाचा आहे. नांदेड-लातूरकडे ज्वारीचीं कोंवळीं कणसें गोवऱ्यांच्या आरांत भाजून हुरडा करितात. तेथील आंच हवीशी, म्हणून तें भाजणें खरपूस. त्याच ज्वारीची भाकरी तव्यावर विसरली, कीं ती करपली. आणि ज्वाळेच्या झळेंत जीव सांपडला, म्हणजे तो होरपळला.

यांपैकीं 'करपणें' हें क्रियापद अकर्मक आहे, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. 'भाकरी करपली' असें म्हणतांना भाजणारी वाक्याबाहेर राहते. 'करपविणें' हें प्रयोजक रूप व्याकरणास मान्य असलें, तरी बोलण्यांत क्वचितच येतें. स्वयंपाकघरांत ही सवलत सौजन्याचीच आहे. एका भाकरीवरून कोणाचें घर मोडत नाहीं.

परंतु हाच शब्द शेतांतही चालतो. पावसानें ओढ दिली, कीं पीक करपतें. पानें भाजल्यासारखीं करणाऱ्या रोगासही शेतकरी 'करपा' म्हणतो. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील पिकें करपलीं, तेव्हां सारा दोष आकाशास देणें सोपें होतें. तथापि त्याच काळांत हातीं घेतलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ सालीं कायद्याचें रूप आलें. म्हणजे दुष्काळाच्या वाक्यांत राज्यसंस्थेनें कर्त्याची जागा अंशतः तरी पत्करिली. पुढें मांजरा धरण कोरडें पडलें, आणि १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून आगगाडीनें पांच लाख लिटर पाणी लातुरास पोंचवावें लागलें. पाऊस उणा पडला होता, हें खरें. पण थोडक्या पाण्यावर येणाऱ्या ज्वारीच्या मुलखांत तहानलेल्या उसाचे मळे वाढले. त्यांस पाणी देण्याचा निर्णय कांहीं मेघांनीं केला नव्हता.

शब्द निर्दोष आहे. त्याची अकर्मकता मात्र आमच्या इतिहासलेखनांत शिरूं नये. करपल्याची नोंद करणाऱ्यानें, त्या वेळीं तव्याजवळ कोण होतें, हेंही विचारिलें पाहिजे.